कपाळाचं नाक

माझ्या धाकट्या जावेच्या नाकाबद्दल मी ऐकलं ते तिला बघायच्या आधी. दिराला मुलगी बघायला सासूबाई आणि मंडळी नेकनूरकडं गेली होती आणि मी घरी चुलीपुढं होते. परत आल्यावर सासूबाईंनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तोच सांगायला सुरुवात केली. पोरगी गोरी आहे, बोलायला गोड आहे, घराणं चांगलं आहे. "आन नाक तर असं हाय बाई, जसं कुनी निवांत बसून घडीवलंय." मी भाकरी थापत होते. ती तव्यावर टाकताना फाटली. "ध्यान कुटं हाय तुजं?" सासूबाई म्हणाल्या.

माझं माहेर सिरसाळ्याकडचं. मला बघायला आले होते तेव्हा नाकाचा विषय कुणी काढला नव्हता, कारण तो काढण्यासारखा नव्हताच. माझं नाक बसकं आणि रुंद आहे. वडील लाडात आले की मला "भजं" म्हणायचे. रंग पाहुण्यांपुढं सावळा आणि एरवी काळा. पण मी बारावी झालेली, हिशेबाला पक्की, कामाला कुणाला हार न जाणारी, आणि मुख्य म्हणजे त्या घरात थोरली सून. थोरलीचा मान पहिला असतो असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. रूप नसेना का, मान तरी आपला, असं धरून मी चालले होते.

ती आली आणि ते गणित बिघडलं. पाहुणे आले की चहा मी करायचे आणि कप ती न्यायची. पुरणपोळ्या मी लाटायच्या आणि वाढायला ती. एकदा तर सासूबाईंच्या भावानं माझ्या हातची आमटी खाऊन तिला शाबासकी दिली. तिनं लगेच सांगितलं, "आमटी अक्कांनी केलीय." ते मला आणखी झोंबलं. बाई नुसती देखणी असती तर मी निभावून नेलं असतं. ती स्वभावानंही बरी होती, त्यामुळं भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही.

तरी एक गोष्ट मी माझ्या बाजूनं सांगते. तिच्या दिसण्याबद्दल मी तिच्याशी कधी खोटं बोलले नाही. वाईट दिसत असेल तर लगेच सांगायचे, आनंदानं सांगायचे. चांगली दिसत असेल तर गप्प बसायचे. बाकीच्यांचं कौतुक ऐकून तिचे कान किटले होते, म्हणून कुठं निघाली की ती माझ्याच पुढं येऊन उभी राहायची. "अक्का, बगा बरं." मी काही बोलले तर ती साडी बदलायची. मी गप्प राहिले तर निघायची.

मग दुष्काळ आला. आमचं गाव तेलगावच्या पट्ट्यातलं, उसाचं आणि कापसाचं. दोन पावसाळे कोरडे गेले तसा ऊस संपला, कारखान्याचं धुराडं त्या हंगामात पेटलंच नाही, आणि राहिल्या त्या म्हशी. त्या म्हशींच्या जोरावर गावातल्या बायकांनी दूध संस्था काढली. दारोदार फिरून सभासद मी केले. कागदपत्रं मी केली. उजाडायच्या आत उठून दूध मापणं, यंत्रावर फॅट बघणं हेही मीच करणार होते. पण अध्यक्ष कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "चारचौघांत उभ्या राहून बोलतील अशा कुणाला तरी करा." बायकांनी एका सुरात माझ्या जावेचं नाव घेतलं. मला सचिव केलं.

अध्यक्षाच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकायची आपल्याकडं पद्धत आहे. तिच्या खुर्चीवर गुलाबी टॉवेल पडला. संस्थेच्या खोलीच्या दारावर फ्लेक्स लागला, त्यावर डोक्यावर पदर घेतलेली ती, हात जोडून, जरा वळून बसलेली. ते वळणं फोटोवाल्यानंच सांगितलं असणार, म्हणजे नाक नीट दिसावं. आम्ही बाकीच्या खाली एका ओळीत, तांदळाएवढ्या. तो गुलाबी टॉवेल दर आठवड्याला धुवायला माझ्याचकडं यायचा.

त्याच वर्षी तिच्या डाव्या नाकपुडीवर, मोरणीच्या जरा वर, एक फोड आला. बारीक, चकचकीत, मोत्यासारखा. बघा, फोडसुद्धा मोत्यासारखा! मला आला असता तर गळू आलं असतं. तो दुखत नव्हता, पण बराही होत नव्हता. खपली धरायची, तोंड धुताना पडायची, थेंबभर रक्त यायचं, पुन्हा खपली. गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं. शेजारणीनं हळद सांगितली. सासूबाईंनी मात्र एका नजरेत निदान केलं. "खोटं सोनं बाधलंय हिला. मोरणी खोटी हाय."

त्यांनी ट्रंक उघडली आणि आपली चमकी काढली. अस्सल सोन्याची, मधे लाल खडा. ती त्यांना त्यांच्या सासूनं दिली होती, आणि त्या सासूला तिच्या सासूनं. थोरल्या सुनेकडून थोरल्या सुनेकडं जायची ती वस्तू. लग्नात मी ती सासूबाईंच्या नाकात बघितली तेव्हापासून मला ठाऊक होतं, की ही पुढंमागं माझ्या भज्यावर बसणार. ती माझ्या डोळ्यांदेखत धाकटीच्या नाकात गेली, औषध म्हणून. "बरं झालं की काढून देईन," जाऊ मला हळूच म्हणाली. मी म्हणाले, "मला काय करायचीय?" आणि त्याच दिवशी माझ्या नाकातली साधी मोरणी काढून डब्यात टाकली. ती का काढली, असं मला घरात कुणीही विचारलं नाही.

अस्सल सोन्यानं फोड बरा झाला नाही. उलट पसरला, मधोमध खड्डा पडला. तरी सगळे वाट बघत राहिले, कारण सोन्याला गुण यायला वेळ लागतो असं सासूबाईंचं म्हणणं होतं. शेवटी हे ओळखलं जनावरांच्या डॉक्टरनं. गावाबाहेर चारा छावणी पडली होती, तिथं आमच्या म्हशी बांधलेल्या. जाऊ म्हशीला धरून उभी होती, वाऱ्यानं पदर सरकला, आणि सुई भरता भरता डॉक्टर थांबले. "किती दिवस झाले याला? बाई, न भरणारी जखम मी जनावराच्याही अंगावर ठेवत नाही. शहरात दाखवा, उद्याच्या उद्या."

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नाकाचा कणभर तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, हा सहसा अंगात पसरत नाही, जिवाला एवढ्यात धोका नाही, पण जिथं बसतो ती जागा खात जातो, म्हणून मुळासकट काढावा लागेल, आणि काढला की नाकपुडी राहणार नाही. मग विचारलं, "उन्हात काम असतं का?" दीर म्हणाला, "शेतकऱ्याला दुसरं काय असतं साहेब?" डॉक्टर म्हणाले, "गोऱ्या कातडीला ऊन जास्त बाधतं."

जाऊ खाली बघत होती. आणि मी माझा काळा हात पदराबाहेर काढून मांडीवर ठेवला. जन्मात पहिल्यांदा मला त्या रंगाचा उपयोग दिसला होता. वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण त्याच्या शेजारीच ते दुसरंही होतं, आणि दोन्ही एकमेकांना हलवत नव्हती.

बायकांच्या वॉर्डात बाईमाणूसच राहू शकतं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून मी राहिले. मापाचं काम शेजारणीवर सोपवून आले. पहिल्या ऑपरेशनच्या आधी नर्सनं दागिने काढायला लावले, चमकी कापसात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "नातेवाईक तुम्हीच ना? सांभाळा." ती चमकी माझ्या अंगाला लागली ती अशी. जावेला आत नेल्यावर मी मोरीत गेले. तिथं एक कोपरा फुटलेला आरसा होता. चमकी घालून बघायला गेले, तर भोक बुजलेलं! मोरणी काढून वर्ष होत आलं होतं, बुजणारच. मी तिची दांडी दाबून बघितली, डोळ्यात पाणी आलं, पण ती आत गेली नाही.

कॅन्सर पुरता निघाला असा तपासणीचा निकाल आला, आणि मग डॉक्टर नाक बांधायच्या तयारीला लागले. पेन घेऊन त्यांनी तिच्या कपाळावर आकृती काढली. कपाळाची कातडी नाकाच्या कातडीशी जुळते. तिथला तुकडा सोडवायचा, पण भुवईपाशी देठासारखा जोडलेला ठेवायचा, म्हणजे त्याचं रक्त चालू राहतं. तो खाली वळवून नाकावर शिवायचा. आधाराला कानातली थोडी कूर्चा, म्हणजे मऊ हाड. नाकावर तो रुजला की देठ कापून टाकायचा. मी हे सगळं ऐकलं आणि मनात म्हणाले, कलमच की हे.

तिच्या कपाळावर, कुंकवाच्या वर, केसांच्या बाजूला गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. लहानपणी माहेरी गोंदून घेतलेले. डॉक्टरांचं पेन तिथं थांबलं. "यातला एक ठिपका नाकावर येईल. तुकडा थोडा बाजूनं घेऊन बघता येईल, किंवा नंतर तो काढता येईल. काय करू?"

नाकाच्या जागी पट्टी होती, त्यामुळं तिचा आवाज घुमत होता. "राहू द्या साहेब. सोनंनाणं हितंच राहतं, गोंदण तेवढं माणसासंगं जातं. ते कपाळावर काय आन नाकावर काय, अंगावरच हाय की."

डॉक्टर हसले, नर्स हसली, शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही मान डोलवली. एवढं नाक गेलं तरी ही बाई सभा जिंकते, असं मला वाटलं.

ऑपरेशन झाल्यावर मी तिला बघितलं आणि माझं सगळं जळणं दोन दिवस बंद पडलं. भुवईपासून नाकापर्यंत कातडीची पिळलेली सोंड. कपाळावर उभी जखम. डोळे सुजून मिटलेले. दिरानं दारातून बघितलं, तो तसाच मागं फिरला आणि बऱ्याच वेळानं मोसंबी घेऊन आला. नर्सनं त्याला घटकाभर आत येऊ दिलं. तो मोसंबी सोलायचा, वरचा पांढरा पापुद्रा काढायचा, बिया काढायचा, आणि एकेक फोड तिच्या ओठांशी धरायचा. झालं, माझं पुन्हा सुरू झालं. मला टायफॉइड झाला होता तेव्हा माझा नवरा कारखान्याच्या निवडणुकीत पॅनलमागं फिरत होता. धुराडं थंड होतं, पण निवडणूक गरम होती. त्यानं कुणाच्या तरी हाती द्राक्षं पाठवली होती, आणि ती आंबट निघाली.

जखम पुसून मलम लावायचं काम नर्सनं मला शिकवलं. पहिल्या दिवशी मी नाकाच्या नव्या तुकड्यावर कापूस फिरवला, तर ती म्हणाली, "अक्का, कपाळाला कावून हात लावायलात?"

"कपाळाला कुठं? नाकाला लावतेय."

"न्हाई, कपाळालाच लागायलंय. कुंकू लावल्यावानी."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, तुकडा नाकावर आला तरी त्याच्या संवेदनेची वाट अजून कपाळाचीच आहे. मग रोज मी नाक पुसायचे आणि ती डोळे मिटून कपाळाला कुंकू लावून घ्यायची. मला ते आवडायला लागलं होतं, आणि आवडायला लागलंय हे आवडत नव्हतं.

एक दिवस तिनं विचारलं, "अक्का, कसं दिसायलंय?"

"लई वाईट," मी म्हणाले. तेच खरं होतं.

तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. "बरं झालं सांगितलं. जो येतो तो म्हनतो, छान हाय, छान हाय. मला भ्या वाटायलं. तुमाला माजं कौतुक न्हाई, म्हनून तुमचं तेवढं खरं."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं! इतकी वर्षं मी काय झाकत होते? ती हे रागानं म्हणाली असती तर मी दोन सुनावल्या असत्या. तिनं ते, पातेलं कुठं ठेवलंय हे सांगावं, तसं सांगितलं. मी कापूस फेकायला म्हणून उठले आणि बराच वेळ बाहेर उभी राहिले.

देठ कापला, टाके निघाले, आम्ही घरी आलो. चमकी मी सासूबाईंच्या हातावर ठेवली, त्यांनी ती ट्रंकेत टाकली. जाऊ घरात बसली. नाक सुजून जाड झालेलं, कपाळावर लाल रेघ. तोंडावर पदर ओढल्याशिवाय ती अंगणातही येईना. संस्थेत जायचं तर नावच नको. "अक्का, तुमीच बगा आता," म्हणाली.

मी बघितलं. पहिल्याच दिवशी गुलाबी टॉवेल काढून घडी करून कपाटात ठेवला आणि घरचा निळा टॉवेल खुर्चीवर टाकला. खोटं कशाला सांगू, ती खुर्ची मला फार आवडली. दुष्काळ वाढतच होता, टँकरवर भांडणं होत होती, दूध अर्ध्यावर आलेलं. तरी मी एकही सभासद तुटू दिला नाही. छावणीत आमच्या बायकांच्या म्हशींना उसाचं ओलं वाढं मिळावं म्हणून मी तहसील कार्यालयात जाऊन बसले, उभी राहून बोलले, मोठ्यानं बोलले. बायका मला "अध्यक्षीणबाई" म्हणायला लागल्या. दारावरच्या फ्लेक्सचा रंग उन्हानं उडत चालला होता, पण नाक काही पुसलं जाईना. मी खुर्चीत बसायचे आणि ती दारावरून हात जोडून बघायची.

पावसाचे चार शिंतोडे पडल्यावर वार्षिक सभा ठरली. त्या सभेत अध्यक्षपदावर माझं नाव कायम व्हायचं होतं. ती येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. मी नवी साडी काढली. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या घरातली पहिली म्हणून मला चारचौघींत बसायचं होतं. माझी मागणी एवढीच होती.

सकाळी मी वेणी घालत होते तर ती दारात. आमसुली साडी, तोंडावर पदर. आत आली, दार लोटलं आणि पदर बाजूला केला.

"अक्का, बगा बरं."

मी उजेडात नेऊन बघितलं. बरेच दिवस मी तिचं तोंड नीट बघितलं नव्हतं. सूज उतरली होती. शिवणीची रेघ दिसायची, पण ती शोधावी लागायची. तो तुकडा बाकीच्या नाकापेक्षा जरा उजळ होता. आणि नाकपुडीवर, जिथं पूर्वी चमकी होती तिथून बोटभरही लांब नाही, गोंदणाचा हिरवा ठिपका. कपाळावरचे उरलेले दोन आणि हा एक. जसं कुणी निवांत बसून ठेवलंय.

मी खोट शोधत राहिले. सापडली. "एक केस उगवलाय," मी म्हणाले. केसांजवळची कातडी ती, उगवणारच.

"उपटा."

मी चिमट्यानं उपटला. "कपाळाला चिमटा बसला बगा अजून," ती हसली. मग पुन्हा तोंड वर करून उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली.

एक शब्द बोलायचा होता. "नको जाऊस" एवढंही पुरलं असतं, ती गेली नसती. माझा तो शब्द तिनं देवाच्या कौलासारखा मानला असता. मी तोंड उघडलं. पण जे दिसत होतं ते दिसत होतं. मी गप्प बसले.

तिनं माझं गप्प बसणं पूर्ण ऐकून घेतलं, पदर पाठीवर टाकला आणि निघाली.

सभेत ती आली तशा बायका उठून उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं पुढं होऊन त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "चमकी गेली तर गोंदण आलं गं बाई." मग रडारड झाली, हसणं झालं. माझ्या नावाचं कुणाला आठवलंही नाही. ती म्हणाली, "अक्का, तुमीच बसा खुर्चीवर." पण बायकांनी तिला हाताला धरून बसवलं होतं. मी माझा निळा टॉवेल काढून घेतला आणि फॅटच्या यंत्राकडं जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं ते दुधाच्या वाफेनं आलं असंही म्हणता येईना, दूध गार होतं. पुढच्या बाजाराला गोंदणारीण आली तेव्हा गावातल्या चार पोरींनी नाकावर ठिपका गोंदून घेतला. माणसाचं दुखणंसुद्धा असं नशीबवान असावं?

सभेच्याच दिवशी संध्याकाळी सासूबाई चमकी घेऊन माझ्या खोलीत आल्या, मागं जाऊ उभी. "हिच्या नाकाला आता भोक पाडायचं न्हाई म्हनून सांगितलंय डाक्टरनं. तू घाल." तिचं काम उरकलं म्हणून मला. खुर्ची घेऊन चमकी देणं चाललं होतं. ती भिंतीवर फेकावी असं मनात आलं. पण मी हात पुढं केला, कारण ती माझीच होती.

तेलगावला सोनाराकडं जाऊन भोक नव्यानं पाडून घेतलं. एवढ्या वयात नाक टोचायला बसलेली बाई बघून सोनारही हसला. चमकी बसली. महिना गेला नसेल, चमकीच्या कडेला लाल गाठ वर आली. बोट लागलं की रक्त. सासूबाईंनी बघितलं, तोंड उघडलं आणि या वेळी सोन्याबद्दल काही बोलल्या नाहीत. नवऱ्यानं बैठकीला जाता जाता गाडी थांबवली, परत आला आणि विचारलं, "मी येऊ का संगं?" तेवढ्यानं मला अर्धं बरं वाटलं. जाऊ म्हणाली, "मी नेते अक्कांना. मला तितली वाट म्हायती हाय."

बसमध्ये ती खिडकीशी बसून तिकिटांच्या घड्या घालत राहिली. मी मात्र सगळं ठरवत होते. नवरा वॉर्डाच्या दारात मोसंबी घेऊन उभा असेल. बायका भेटायला येतील. माझ्या कपाळावर गोंदण नाही, म्हणजे माझं नाक कोरंच राहणार, पण चालेल. सभेत मी पदर बाजूला करीन. भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीपुढं हे सगळं दिसत होतं.

डॉक्टर तेच होते. दिवा जवळ घेतला, गाठ बघितली, दाबली. "भोक पाडलं की कधी कधी असं मांस वाढतं. कॅन्सरबिन्सर काही नाही. मलम देतो, चमकी थोडे दिवस काढून ठेवा. जा घरी."

आणि देवाशपथ सांगते, माझं तोंड उतरलं. मला इथंही काही मिळालं नव्हतं.

बाहेर आले. जाऊ बाकावर बसली होती. मी म्हणाले, "काही नाही म्हणाले." तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती रडायला लागली, हमसून हमसून, सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. तिच्या ऑपरेशनला ती अशी रडली नव्हती. खांदे हलत होते. मी तिचे हात तोंडावरून काढले. रडून तिचं सगळं नाक लाल झालं होतं, कपाळाचा तेवढा तुकडा मात्र उजळच राहिला होता आणि त्यावर तो हिरवा ठिपका ओला झाला होता.

"तुमाला कायी झालं असतं तर," ती म्हणाली, "मला खरं कोन सांगनार होतं, अक्का?"

मी तिच्याकडं बघत राहिले. मग पदराचं टोक तिच्या हातात दिलं.

"नाक पूस," मी म्हणाले. "लई वाईट दिसायलीस."

ते मी तिच्याशी बोललेलं पहिलं खोटं.